वेणीपर्यंत पोचलेला हात

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा, असे चिटणीसबाई घरी येऊन सांगून गेल्या, तेव्हा मी हसून तो विषय टाळला होता. माझे शिक्षण सातवीपर्यंत. लिहिणे म्हणजे दुधाचा हिशेब आणि वाण्याची यादी, याच्या पलीकडे माझी लेखणी कधी गेली नाही. फार तर सुकेळी कशी वाळवतात ते लिहीन, असे मी म्हटले. पण बाई म्हणाल्या, "पाककृती पुष्कळ आल्या आहेत, इतिहासावर कुणाचाच लेख नाही." तेव्हा मी कबूल केले, मात्र इतिहास माझ्या पसंतीचा असेल, अशी अट घातली.

आगाशीचा इतिहास म्हटला की आपल्याला ठरावीक गोष्टी आठवतात. पोर्तुगीजांनी १५३० साली हे बंदर जाळले. शंकराजी केशव फडके यांनी भवानीशंकराचे देऊळ बांधले. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. हे सारे आपण शाळेत आणि घरी ऐकले आहे आणि त्याचा आपल्याला अभिमानही आहे. परंतु या इतिहासात बाईचा हात कोठे दिसत नाही. वाडीत पाणी लावणारा, पाने खुडणारा, फुलांच्या आणि भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन विरारची गाडी गाठणारा हात. मी आज त्या हाताचाच इतिहास सांगणार आहे. विशेषतः स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईचा हात. तो हलवावा की हलवू नये, यावर जगातल्या शहाण्या माणसांनी शंभर वर्षे घालवली. आणि तो हलवायला बाईचे मन कशाने उठते, हे तर अलीकडे कोठे कळू लागले आहे.

हा विषय स्मरणिकेत शोभेल का, असे काही भगिनींना वाटेल. आपल्याकडे या रोगाचे नाव घेताना आजही आवाज खाली जातो. पण ज्या घरात हा रोग येऊन गेला, त्या घरातल्या बाईने तरी गप्प बसू नये, असे मला वाटते. माझ्या घरात तो दोनदा येऊन गेला.

पहिल्यांदा आला तो १९९६ साली, माझ्या आईला. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. मुंबईच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली आणि आई घरी आली. घरात सगळ्यांचा एकच धोशा होता: "हात हलवू नकोस, टाके उसवतील. हात हलवलास तर सूज येईल." आम्ही तिला इतके जपले की तिने तांब्या उचलला तरी मी धावत जाऊन तो काढून घेत असे. तिला न्हाऊ घालायचे मी, वेणी घालायची मी. शेजारच्या बायका म्हणत, "पोर किती करते आईचे!" आणि मला ते ऐकून बरे वाटे.

दवाखान्यातून येताना आईला एक छापील कागद मिळाला होता. त्यावर भिंतीशी उभी राहून हात वर नेणारी एक बाई काढलेली होती. तो कागद आम्ही कौतुकाने पोथीत ठेवला आणि विसरून गेलो. वर्षभराने जखम केव्हाच भरली होती, पण आईचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. तिला स्वतःची वेणी घालता येईना. आई त्यानंतर अकरा वर्षे जगली. अकरा वर्षे तिची वेणी कुणीतरी दुसऱ्याने घातली. माझे लग्न झाल्यावर तिने केस बारीक कापून टाकले. कारण कुणी विचारले तर म्हणे, "उकडतं फार." खरे कारण तिला आणि मला ठाऊक होते.

आम्ही चुकलो ते प्रेमापोटी चुकलो. पण ही चूक आमच्याच घरची नव्हती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. माझी एक भाची फिजिओथेरपी शिकली आहे. तिने इंग्रजी पुस्तकांतून वाचून मला जे मराठीत सांगितले, तेच मी पुढे माझ्या शब्दांत लिहीत आहे.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी विल्यम हाल्स्टेड नावाचे एक मोठे शल्यवैद्य होते. त्यांनी १८८२ च्या सुमारास या रोगावर एक भारी शस्त्रक्रिया सुरू केली आणि १८९४ साली तिची हकीकत छापली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, असे सगळे एकत्र काढायचे. रोग पुन्हा त्याच जागी उगवू नये, हा हेतू. त्या काळी ही मोठीच सुधारणा होती, कारण त्याआधी बायका नुसत्या मरतच असत. पण त्या शस्त्रक्रियेनंतर हात अधू होई, सुजे, आखडे. याबद्दल हाल्स्टेड यांनी लिहिले की, जिवापुढे हाताचे अधूपण ही किरकोळ गोष्ट आहे. शिवाय या बायकांचे वय सरासरी पंचावन्नच्या घरात असते आणि समाजात त्यांना फारसे काम उरलेले नसते. भाचीने हे वाचून दाखवले तेव्हा मी तिला पुन्हा एकदा वाचायला लावले. आगाशीत पंचावन्न वर्षांची बाई म्हणजे घराची कर्ती. तिच्या हाताला काम उरलेले नाही, असे म्हणायला त्यांनी एखाद्या वाडीत एक दिवस काढायला हवा होता.

तरी त्यांच्यावर अन्याय नको. हाताच्या सुजेकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. १९२१ साली त्यांनी स्वतःच त्या सुजेवर लेख लिहिला आणि शस्त्रक्रियेमुळे आलेला हत्तीरोग, अशा अर्थाचे नाव तिला दिले.

ही सूज का येते, ते वाडीतल्या बाईला समजायला कठीण नाही. आपल्या अंगात रक्ताच्या वाहिन्यांखेरीज पाण्यासारख्या रसाच्या बारीक वाहिन्या असतात. त्या रसाला लसिका म्हणतात. बावखलाचे पाणी पाटाने आणि दांडाने वाफ्यावाफ्यात फिरावे, तसा तो फिरतो. काखेतल्या गाठी म्हणजे त्या पाटावरची नाकी. शस्त्रक्रियेत काही नाकी काढावी लागतात, कधी किरणांच्या उपचाराने ती आणखी आखडतात, आणि मग पाणी तुंबून हात फुगतो. आता रक्त ढकलायला जसे हृदय आहे, तसे या रसाला नाही. त्या वाहिन्यांची स्वतःची थोडी हालचाल असते, आणि बाकीचे काम आपले स्नायू करतात. हात हलला की स्नायू दाबले जातात आणि रस वर सरकतो. म्हणजे हात हलवला तर सूज येईल, ही भीती घालून आम्ही आईचा हात ज्या गोष्टीपासून दूर ठेवला, तीच त्याच्या उपयोगाची होती.

आपल्या इकडे या रोगासाठी मोठा आधार झाला तो परळचा. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढे टाटांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. मूळचे गोव्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांनी तेथे आयुष्यभर रुग्णांची सेवा केली. रुग्णालयापुढच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. आपल्या भागातली कितीतरी माणसे विरारहून दादरला आणि तेथून परळला त्या दारात जाऊन आली आहेत. पण एक गोष्ट त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. ज्या मेहेरबाईंची आठवण या रुग्णालयामागे आहे, त्या साडी नेसून टेनिस खेळत असत आणि त्यांनी त्यात पुष्कळ बक्षिसेही मिळवली होती. ज्या काळी बाईने चार पावले भरभर टाकली तरी लोक मागे वळून पाहत, त्या काळी ही बाई पदर खोचून मैदानात धावत होती. हे कळल्यापासून त्या इमारतीचे नाव ऐकले की मला पलंग आठवत नाही, मैदान आठवते.

त्याच काळी आपल्याच रेल्वेच्या वाटेवर आणखी एक काम चालले होते. श्री. योगेंद्र यांनी १९१८ साली वर्सोव्याला योगाची संस्था काढली. पुढे ती सांताक्रूझला गेली. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ साली खास स्त्रियांच्या योगव्यायामावर पुस्तक लिहिले. म्हणजे बाईने व्यायाम करावा, हा विचार आपल्याकडे नवा नाही. आजारी बाईनेही तो करावा, हे मात्र कुणी बोलत नव्हते.

ते बोलायला आजारी बाईच पुढे आली. न्यूयॉर्कच्या टेरेसी लॅसर यांच्या स्तनाची शस्त्रक्रिया १९५२ साली झाली. पुढे काय करायचे, हात कसा वापरायचा, कपडे कसे घालायचे, हे त्यांना कुणी नीट सांगितले नाही. तेव्हा त्यांनी स्वतः व्यायाम करून हात मोकळा केला आणि दवाखान्यात जाऊन दुसऱ्या शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना भेटू लागल्या. बरोबर एक दोरी आणि एक रबरी चेंडू. चेंडू मुठीत दाबायचा, दोरी दाराच्या वरून टाकून चांगल्या हाताने आजारी हात वर ओढायचा. आपल्या विहिरीच्या रहाटावर जे होते तेच. भिंतीशी उभे राहून बोटांनी मुंगीसारखे वर चढत जायचे. काही डॉक्टरांना ही बाहेरची बाई खाटेजवळ आलेली मुळीच आवडत नसे. पण त्यांनी जाणे सोडले नाही, आणि १९६९ साली अमेरिकेच्या कर्करोग संस्थेने त्यांचे काम आपले म्हणून उचलले. मला यातली मोठी गोष्ट दोरी किंवा चेंडू वाटत नाही. जिची शस्त्रक्रिया झाली आहे ती बाई स्वतःच्या पायांनी चालत येऊन समोर उभी राहते आणि आपला हात वर करून दाखवते, ही ती मोठी गोष्ट आहे.

इकडे शल्यवैद्यही बदलत होते. अमेरिकेत डॉ. बर्नार्ड फिशर यांनी १९७१ पासून दीड हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी करून दाखवले की, छातीचे स्नायू काढल्याने बाई जास्त जगते असे काही नाही. इटलीत मिलान येथे डॉ. वेरोनेसी यांनी १९८१ साली प्रसिद्ध केले की, रोग लहान असताना सगळा स्तन न काढता गाठ असलेला त्याचा भाग काढून किरणांचे उपचार दिले तरी चालते. पुढे काखेतल्या गाठीही सरसकट न काढता आधी एकदोन तपासून पाहण्याची रीत आली. त्यामुळे पुष्कळ बायकांच्या वाट्याला आता आईसारखा हात येत नाही.

पण हात वाचला तरी अंगातला थकवा राहतोच. औषधांची सलाईन चालू असते तेव्हा बाई बसल्या जागी गळून जाते. त्यावर पूर्वी सगळे एकच सांगत, पडून राहा. अमेरिकेतील ओहायो येथे मॅकव्हिकर आणि विनिंगहॅम या परिचारिकांनी हे मानले नाही. त्यांनी असे उपचार चालू असलेल्या ४५ स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या काहींना दहा आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, जागच्या जागी चालवायच्या सायकलीवर बसवले. १९८९ साली त्यांनी लिहिले की, सायकल चालवणाऱ्या स्त्रियांची ताकद इतरांपेक्षा चांगलीच वाढली. पडून राहिल्याने थकवा जात नाही, उलट अंगात मुरतो, हे हळूहळू सगळीकडे पटू लागले.

सुजेची भीती जायला मात्र आणखी काही वर्षे लागली आणि ती घालवली होडीने. कॅनडातील व्हँकुव्हर येथे डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी १९९६ साली स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या २४ स्त्रियांना लांब चिनी होडी वल्हवायला शिकवले. तोपर्यंत डॉक्टर सांगत की, अशा बाईने हाताला जोराचे काम देऊच नये. या बायकांनी महिनोन्‌महिने वल्ही मारली आणि त्यांच्यात कुणालाही नव्याने हाताची सूज आली नाही. आज कितीतरी देशांत अशा बायकांच्या होड्या चालतात. आपल्या अर्नाळ्याच्या कोळणींना यात नवल वाटायचे नाही. नवल मला एवढेच वाटते की, १९९६ हेच ते साल. तिकडे त्या वल्ही मारत होत्या आणि इकडे मी आईच्या हातातून तांब्या काढून घेत होते.

पुढे २००९ साली अमेरिकेत डॉ. कॅथरिन श्मिट्झ यांनी ज्यांच्या हाताला आधीच सूज होती अशा १४१ स्त्रियांची वर्षभर पाहणी केली. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, शिकवणाऱ्यांच्या देखरेखीखाली आणि हाताला दाबाची बाही घालून, अगदी थोड्यापासून सुरुवात करून वजने उचलायला लावली. त्यांच्यात सूज बळावल्याचे प्रमाण शंभरात १४ होते, आणि वजने न उचलणाऱ्यांत शंभरात २९.

एवढे सगळे सिद्ध झाले तरी बाई उठते का? येथे माझ्या दुसऱ्या अनुभवाकडे येते.

२०१७ साली माझ्या थोरल्या जाऊबाईंना तोच रोग झाला. या वेळी मी शहाणी झाले होते. शस्त्रक्रियेनंतर कागद पोथीत न ठेवता भिंतीला चिकटवला. डॉक्टरांनी परवानगी देताच मी त्यांच्या मागे लागले. "वहिनी, हात वर करा. वहिनी, आज चालला नाहीत." त्या चार दिवस ऐकत, पाचव्या दिवशी भिंतीकडे तोंड करून निजून राहत. एकदा मी फारच बोलले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, हात बरा करून काय करू? गेलं ते परत येणार आहे का?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पूर्वी मी मायेने आईचा हात बांधला होता, आता हुकमाने जाऊबाईंचा हलवू पाहत होते. दोन्ही वेळा त्यांच्या मनाला मी विचारले नव्हते.

भाचीने येऊन पहिला बदल केला. तिने कागदावरचे आकडे बाजूला ठेवले आणि विचारले, "मामी, तुम्हाला या हाताने काय करायचं आहे?" पुष्कळ वेळाने जाऊबाई म्हणाल्या, "मांडवावरची पानं खुडायची आहेत. आणि माझी वेणी मला घालायची आहे." मग तिने त्यांना भिंतीशी उभे केले, बोटे चढतील तेवढी चढू दिली आणि तेथे खडूने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी रेघ बोटभर वर गेली. तिसऱ्या दिवशी गेली नाही, चौथ्या दिवशी पुन्हा गेली. कुणी न सांगता जाऊबाई सकाळी रेघ पाहू लागल्या.

दुसरा बदल झाला तो आमच्या आळीतल्या एका बाईने केला. तिचे नाव तिच्याच सांगण्यावरून लिहीत नाही. एका संध्याकाळी ती आली, पुरुषमंडळींना ओटीवर बसायला सांगितले, दार लोटून घेतले आणि पदर बाजूला केला. आम्ही दोघी पाहतच राहिलो. तिची शस्त्रक्रिया होऊन सात वर्षे झाली होती आणि आळीत कुणाला पत्ता नव्हता. तिने हात सरळ वर नेऊन खुंटीवरचे सूप काढले, जाऊबाईंच्या हातात दिले आणि म्हणाली, "उद्या साडेपाचला येते. फक्त तळ्यापर्यंत जाऊ." दुसऱ्या दिवशी ती आली. दारात कुणी आपल्यासाठी थांबले असले की नाही म्हणता येत नाही. पहिल्या दिवशी दोघी तळ्याच्या अलीकडेच बसल्या आणि परत आल्या. महिन्याभराने त्या देवळाला प्रदक्षिणा घालून येऊ लागल्या. लोक विचारत, "कुठे निघालात?" तर ती म्हणे, "फिरायला." बाई कामावाचून नुसती फिरायला निघते, याचे पहिल्यांदा सगळ्यांना हसू आले. पुढे हसणाऱ्यांपैकी दोघी त्यांच्याबरोबर जाऊ लागल्या.

नंतर भाचीने सांगितले की, आमच्या घरी जे घडले तेच विद्वानांनी मोजूनही पाहिले आहे. कॅनडात २००४ साली नव्याने रोग कळलेल्या ४५० स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. कर्करोगाच्या डॉक्टरांनी नुसते एवढे सांगितले की तुम्ही व्यायाम करा, तरी काही बायका जास्त हालचाल करू लागल्या. म्हणजे डॉक्टरांच्या एका वाक्यालाही किंमत आहे, आणि आपण ते विचारून घ्यावे. २००७ साली तिकडेच ३७७ स्त्रियांची दुसरी पाहणी प्रसिद्ध झाली. काहींना तोंडी सल्ला दिला, काहींना त्यांच्यासाठी लिहिलेली पुस्तिका दिली, काहींना पावले मोजणारे लहान यंत्र दिले, तर काहींना दोन्ही दिले. नुसता सल्ला मिळालेल्या बायकांपेक्षा ज्यांना पुस्तिका किंवा यंत्र मिळाले त्यांची हालचाल जास्त वाढली. जाऊबाईंच्या भिंतीवरची खडूची रेघ म्हणजे आमचे ते यंत्रच होते.

चालण्याने जीव वाचतो का, असे कुणी विचारील तर मी जपून उत्तर देईन. अमेरिकेतील २,९८७ परिचारिकांची पाहणी २००५ साली छापून आली. हा रोग झाल्यानंतर ज्या आठवड्याला तीन ते पाच तास साध्या गतीने चालण्याइतकी हालचाल करीत, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी दिसले. आपल्या टाटा रुग्णालयात ८५० स्त्रियांवर योगाची मोठी पाहणी झाली. ती डिसेंबर २०२२ मध्ये डॉ. नीता नायर यांनी अमेरिकेतील परिषदेत मांडली. सोपी आसने, विश्रांती आणि प्राणायाम करणाऱ्या स्त्रियांचे जगणे जास्त सुसह्य झाले, असे त्यात सांगितले होते. पण चालणे आणि योग हे औषधाच्या जोडीने आहेत, औषधाऐवजी नाहीत. शस्त्रक्रिया किंवा औषधे टाळून कुणी नुसती फिरत राहील, तर माझ्या लेखाचा तिने उलटा अर्थ घेतला असे होईल.

दोन टोकेही सांभाळावी लागतात. काही घरांत आम्ही आईला ठेवले तसे बाईला बसवून ठेवतात. काही घरांत टाके निघायच्या आत तिच्यापुढे भांड्यांचा ढीग आणि पाण्याची कळशी येते, आणि वर म्हणतात की, काम हाच व्यायाम. घरकामाने अंग हलते हे खरे आहे. पण हात हळूहळू, रोज थोडा, दुखण्याच्या अलीकडे थांबून वर न्यायचा असतो. तो हिशेब कळशी ठेवत नाही. केव्हा सुरू करायचे, किती करायचे, हे डॉक्टरांना विचारावे. रोग हाडांत गेला असेल तर विशेषच विचारावे. हात एकाएकी लाल झाला, गरम लागला, ताप आला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वाडीत काटा लागला, विळीने कापले, तरी त्या हाताची जखम लगेच धुऊन स्वच्छ ठेवावी.

जाऊबाई आज बऱ्या आहेत. त्यांचा हात आईसारखा राहिला नाही, पण पूर्वीसारखाही झाला नाही. पावसाळ्यात थोडा जड होतो. मांडवावरची वरची पाने अजून मी खुडते, खालची त्या. ज्या दिवशी त्यांनी स्वतःची वेणी घातली तो दिवस मला आठवतो. वेणी वाकडी झाली होती. त्यांनी आरशात पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सोडू नकोस हं, राहू दे तशीच." मी आत जाऊन आईची आठवण काढून रडले.

भगिनींनो, इतिहास सांगून झाल्यावर काही मागावे, अशी रीत नाही. तरी मी मागते. या वर्षी आपल्या गावात आणखी काही घरांत हे दुखणे आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. आपण त्यांच्याकडे जातो, फळे नेतो, "विश्रांती घे" म्हणतो आणि निघून येतो. आपल्या मंडळाने एवढेच ठरवावे की, फळे घेऊन जाणारी बाई दुसऱ्या दिवशी साडेपाच वाजता पुन्हा त्या दारात जाईल. तिला विचारील, "तुला या हाताने काय करायचं आहे?" आणि तळ्यापर्यंत तिच्याबरोबर चालेल. डॉक्टरांनी हो म्हटले असेल आणि तिची इच्छा असेल तरच. यासाठी वर्गणी लागत नाही.

आई गेल्यानंतर तिची पोथी माझ्याकडे आली. तो कागद अजून तिच्यात आहे. घड्यांवर फाटला आहे, पण भिंतीशी उभी राहून हात वर नेणारी बाई स्पष्ट दिसते. पुढच्या सभेला मी तो घेऊन येईन. मंडळाच्या फळ्यावर त्याला जागा द्यावी, ही विनंती.